मधली सहा मिनिटं

“आणि मग पलीकडचा माणूस म्हणाला,” ताई म्हणाली आणि एकदम थांबली. “बाळ्या, ऐकतोयस ना रे?”

“ऐकतोय. सहा मिनिटं पन्नास सेकंद. थांबू नकोस, घड्याळ चालू आहे.”

“घड्याळ चालू आहे ते कळतंय मला. तू चालू आहेस का?”

बाळ्याचं वय एकाहत्तर. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तो बसला होता. डाव्या तळहातावर मनगटी घड्याळ, उजव्या हातात चमचा आणि समोर ओट्यावर पालथा घातलेला स्टीलचा पेला. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. खुर्चीत ताठ बसून, समोरच्या भिंतीला गोष्ट सांगत होती. भिंतच बरी, असं ती म्हणायची. माणसाकडे पाहिलं तर त्याच्या तोंडाच्या जागी काळा डाग दिसायचा, आणि डागाला काय गोष्ट सांगायची!

तेरा मिनिटं झाली तेव्हा त्याने पेल्यावर चमचा मारला. ताई तेव्हा शेवटच्या परिच्छेदाच्या उंबरठ्यावरच होती. साडेचौदा मिनिटांनी तिने तोंड मिटलं.

“बसली,” तो म्हणाला. “अर्धं मिनिट हातात ठेवून बसली.”

“गोष्ट कशी वाटली ते सांग.”

“बसली म्हणतोय ना.”

ताईने कपाळावर हात मारून घेतला. पण ती हसत होती.

बाहेरचं जग या बाळ्याला टोलेकाका म्हणून ओळखायचं. चौतीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून त्यांनी तासांचे टोल दिले आणि एकदाही टोल चुकला नाही. निवृत्त झाल्यावर माणूस रिकामा बसेल कसा? गावात दरवर्षी दक्षिण आशियाई साहित्य महोत्सव भरायचा. चार दिवस, तीन सभागृहं, सात-आठ देशांतले लेखक. तिथे कुणीतरी त्यांना स्टेजच्या कडेला छोट्या टेबलावर बसवलं आणि पुढ्यात वरून दाबायची पितळी घंटी ठेवली. वेळ संपायला दोन मिनिटं उरली की एकदा, संपली की दोनदा. बारा वर्षं झाली त्याला. बोलत सुटलेले प्राध्यापक त्या घंटीला घाबरत. कवी तर टोलेकाकांकडे चोरून बघत बघतच कविता वाचत.

या बारा वर्षांत थोरामोठ्यांचं एवढं साहित्य त्यांच्या कानांवरून गेलं की दुसरा एखादा पंडित झाला असता. इथे मात्र पालथ्या घड्यावर पाणी. माइकवाला त्यांची नेहमी थट्टा करायचा.

“काका, सकाळचं भाषण कशावर होतं हो?”

“बावीस मिनिटं. दोन जास्त घेतली.”

“अहो, विषय काय होता?”

“मला विषय लक्षात ठेवून कसं चालेल? मी ऐकत बसलो तर घड्याळ कोण बघेल?”

यात त्यांना लाज वाटत नसे. उलट थोडा अभिमानच होता. शंभर माणसं ऐकायला आहेत, एकाने तरी काट्याकडे बघायला हवं की नको?

ताईचं तसं नव्हतं. ती आयुष्यभर ऐकतच आली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती, ट्रंककॉलच्या काळात. कानाला हेडफोन लावून दोन गावं जोडायची आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून सांगायचं, वेळ संपली. कुणी रडत असलं तरी सांगायचं. लग्न जमलं नाही, पुढे जमवायचंही राहून गेलं. भावाची बायको गेल्यावर दोघं एका घरात राहायला लागली. ती दुपारी वहीत काहीतरी लिहायची, पण कधी कुणाला दाखवलं नाही. शेवटची गोष्ट तिने डोळे जाता जाता लिहिली. झालं असं की तिला आपलीच ओळ दिसेना. तिने एका ओळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी लिहिली. वहीची पानं शाईने नुसती काळी झाली. ती वही भिंग लावूनही कुणाला वाचता आली नसती.

“वही गेली तर गेली,” ताई म्हणाली होती. “डोक्यात आहे सगळी.”

आणि हेच टोलेकाकांना खात होतं. कारण जानेवारीत डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, “डोळ्यांचं झालं ते झालं. पण आता विसरणंही सुरू झालंय. हळूहळू वाढेल. त्यांना काही करायचं असेल, कुठे जायचं असेल, तर पुढच्या वर्षावर टाकू नका.”

ताईला कुठे जायचं नव्हतं. तिला एकदाच, एका भरल्या खोलीपुढे, ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची होती. टोलेकाकांनी बारा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. महोत्सवाच्या कार्यवाहांपुढे ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. कार्यवाह भला माणूस. त्यांनी तिसऱ्या दिवशी दुपारच्या ‘नवे लेखक’ या सत्रात ताईला पंधरा मिनिटं दिली. एकोणऐंशीव्या वर्षी ताई नवी लेखिका झाली. यावर ती दोन दिवस हसत होती.

टोलेकाका म्हणाले, “मी लिहून घेऊ का तू सांगतेस तशी?”

“आधी सगळ्यांपुढे सांगते. मग लिही निवांत. आधी लिहिलीस तर तूच मला म्हणशील, इथे चुकलीस, तिथे चुकलीस.”

मग रोज सकाळी चहा झाला की तालीम. सत्तर तरी तालमी झाल्या असतील. काळजी एकच होती, वेळ. म्हणून टोलेकाकांनी तिला एक नियम घालून दिला. पेला वाजला की जिथे असशील तिथलं सोडायचं आणि थेट शेवटचा परिच्छेद घ्यायचा. शेवट राहता कामा नये. बारा वर्षांत त्यांनी शेवट न गाठता खाली उतरलेले लेखक पाहिले होते, त्यांचे चेहरे पाहिले होते. ताईचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. कधी तेराव्या मिनिटाला, तर कधी मुद्दाम चौथ्याला, सहाव्याला ते पेला वाजवत. ताई बरोबर उडी मारून शेवटावर जायची.

“पक्कं झालं,” टोलेकाका म्हणाले. “आता झोपेत उठवलं तरी चुकणार नाहीस.”

तिसऱ्या दिवशी सकाळी माइकवाल्याने ताईला हाताला धरून स्टेजवर नेऊन खुर्चीची, माइकची जागा बोटांनी दाखवून दिली. ताईने ठेवणीतली करड्या रंगाची साडी नेसली होती. सभागृहाबाहेर पुस्तकांचे स्टॉल होते, गळ्यात नावाचे बिल्ले अडकवलेली माणसं एकमेकांना ओळखत असल्यासारखी हसत होती, चार भाषा एकाच वेळी कानावर पडत होत्या. ताई मान तिरकी करून ऐकत होती.

“बाळ्या, किती लाइनी चालू आहेत रे!” ती म्हणाली.

तिच्या आधीचं सत्र होतं एका पाहुण्या कादंबरीकाराचं. मोठं नाव, विमानाने आलेले. सुरू होण्याआधी कार्यवाह टोलेकाकांच्या कानाशी येऊन म्हणाले, “काका, यांना घंटी नको हं. बरं दिसत नाही.” टोलेकाकांनी मान हलवली. दरवर्षी एक-दोघांना घंटी नको असायची. ते ठरलेलंच होतं.

पाहुण्यांना बोलायला चाळीस मिनिटं होती. ते एक तास अठ्ठावीस मिनिटं बोलले. लोक हसले, टाळ्या वाजवल्या, उठून उभे राहिले. टोलेकाका घंटीवर हात न ठेवता घड्याळाकडे बघत बसले होते. चाळीसनंतरचं प्रत्येक मिनिट कुणाच्या तरी ताटातून जातंय, हे त्या सभागृहात फक्त त्यांना कळत होतं.

पाहुण्यांबरोबर निम्मी माणसंही बाहेर गेली. नवे लेखक सहा जण स्टेजवर येऊन बसले. ताई पाचवी. कार्यवाह घाईघाईने टेबलापाशी आले.

“काका, साडेचारला हॉल रिकामा करायचाय. प्रत्येकाला सात मिनिटं. सातव्याला घंटी, मग उरकायला एक मिनिट. बास.”

“साहेब, पंधरा म्हणाला होतात.”

“अहो, बघताय ना तुम्ही. माझ्या हातात आहे का?”

“माझ्या ताईची गोष्ट साडेचौदा मिनिटांची आहे. तिला मधूनच तोडता येणार नाही हो.”

“सगळ्यांनाच सात आहेत, काका. तुम्हीच असं बोलायला लागलात तर मी कुणाला सांगू?”

टोलेकाकांनी ताईकडे बघितलं. उठून ताईला सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण ती खुर्चीत ओठ हलवत गोष्ट घोळवत बसली होती. आता सांगितलं तर सगळंच विसरेल. मग त्यांनी मनाशी ठरवलं, ताईला घंटी वाजवायची नाही. पाहुण्यांना वाजवली नाही, तशीच हिलाही नाही. काय करतील? फार तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.

पहिल्या चौघांना त्यांनी सातव्या मिनिटाला घंटी दिली. चौघंही अर्ध्यावरच खाली बसले.

ताई उभी राहिली. माइक तिने बोटांनी चाचपला आणि समोरच्या अंधुक उजेडाकडे तोंड करून सुरुवात केली. “अकरा नंबरच्या लाइनवर एका बाईने ट्रंककॉल मागितला, आणि पलीकडे फोन उचलला गेल्यावर ती काही बोललीच नाही.”

आवाज असा लागला की मागे खुर्च्या हलवणारेही थांबले. दारातून बाहेर पडणारी एक बाई परत आत येऊन बसली. माइकवाल्याने कानावरचा हेडफोन नीट केला. टोलेकाकांनी घंटी पंजाखाली झाकून ठेवली. घड्याळ पालथं घालावं, असंही क्षणभर वाटलं त्यांना. पण जमलं नाही. पाच मिनिटं झाली. सहा.

सात मिनिटांवर काटा गेला आणि पुढे सरकला. कार्यवाह कडेने चालत आले. रागावलेले नव्हते, दमलेले होते.

“काका, हात काढा.”

टोलेकाकांनी वर बघितलं.

“काका, हात काढा,” कार्यवाह तसंच हळू म्हणाले.

आणि टोलेकाकांनी हात काढला. कुणी ओढला नाही, कुणी झटकला नाही. साहेब म्हणाले काढा आणि तो निघाला. चौतीस अधिक बारा वर्षं तो हात सांगितलेलंच करत आला होता.

“आणि मग पलीकडचा माणूस म्हणाला,” ताई म्हणाली.

कार्यवाहांच्या बोटाखाली घंटी वाजली.

ताईची मान किंचित वळली, टेबलाच्या दिशेने. तिने एकच श्वास घेतला. मग शिकवल्याप्रमाणे तिथलं सोडलं आणि थेट शेवटावर गेली. “मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. अकरा नंबरचा दिवा अजून जळत होता. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती...” दीड मिनिटात संपलं. एकही शब्द चुकला नाही. लोकांना काही कळलं नव्हतं. ती बाई का बोलत नव्हती, तो माणूस काय म्हणाला, ऑपरेटरने हेडफोन का काढला. म्हातारीला विसर पडला असेल, असं वाटून त्यांनी टाळ्या जरा जास्तच वाजवल्या.

विंगेत ताईने विचारलं, “बाळ्या, मी फार रेंगाळले का रे? रोज तर त्या वाक्याला सातच होतात.”

तिचा चेहरा टोलेकाकांना बघवेना. खरं सांगावं तर काय सांगावं? की तुझी पंधरा मिनिटं आधीच कुणीतरी बोलून टाकली होती? की मी हात काढला? आणि नाही सांगावं तर ती स्वतःलाच बोल लावत बसणार.

“तू नाही रेंगाळलीस,” ते म्हणाले. “संपायची वेळ घड्याळावर धरली, नि माझं घड्याळच पुढे होतं. सहा मिनिटं. चूक माझी, ताई.”

“तुझं घड्याळ?” ताईला हसू आलं. “जन्मात नाही ते आजच?”

“आजच.”

“जाऊ दे. एवढं काय तोंड करून बोलतोस? आवाजावरून कळतंय मला.” तिने त्यांचा हात चाचपून थोपटला. तेवढ्यात कार्यवाह प्रमाणपत्र घेऊन आले, तर तिने त्यांनाही सांगून टाकलं, “माफ करा हं. आमच्या बाळ्याचं घड्याळ पुढे होतं. तरी म्हटलं, पंधरा मिनिटं इतक्या लवकर कशी झाली!”

कार्यवाहांनी टोलेकाकांकडे बघितलं. टोलेकाका जमिनीकडे बघत होते. बोलायला जागा होती, पण कार्यवाहांनी ती घेतली नाही. “असू दे आजी,” ते म्हणाले. “वय झालं आता काकांचं.”

घरी जाण्याआधी टोलेकाकांनी घड्याळाची चावी ओढून काटे सहा मिनिटं पुढे केले. ताई रेडिओवर वेळ ऐकायची आणि त्यांना विचारून ताडून बघायची. खोटं बोलायचं तर ते नीट तरी बोलावं.

संध्याकाळी ते म्हणाले, “सांग आता सगळी. लिहून घेतो.”

“आज नको रे. दमले. सांगून झाली ना एकदा!”

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. तो आठवडाभर राहिला, पुढचा आठवडा ग्लानीतच गेला. सोळाव्या दिवशी टोलेकाकांनी दोनशे पानी कोरी वही आणली. ओट्याशेजारी स्टुलावर बसले. या वेळी चमचा नाही, पेला नाही.

ताईने भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली. तोच आवाज, तेच शब्द. टोलेकाका शाळेतल्या मुलासारखे वळणदार अक्षरात लिहीत गेले. ते मागे पडले की ताई थांबायची.

“आणि मग पलीकडचा माणूस म्हणाला,” ताई म्हणाली. थांबली. मान किंचित वळली. “मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.”

“ताई, मधलं राहिलं.”

“मधलं कुठलं?”

“तो माणूस काय म्हणाला ते.”

ताईने कपाळ चोळलं. “म्हणाला ना काहीतरी,” ती म्हणाली. मग लहान मुलीसारखी घाबरून तिने विचारलं, “काय म्हणाला रे, बाळ्या? तू रोज ऐकायचास.”

टोलेकाकांनी डोळे मिटले. सत्तर तालमी झाल्या होत्या. त्यांनी आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. सात मिनिटं चाळीस सेकंदांना ताईचा आवाज खाली जायचा, तेव्हा आता ही मागे पडणार म्हणून ते चमचा उचलून धरायचे. नऊ मिनिटं दहाला ती एक लांब श्वास घ्यायची. अकरा वीसला थोडीशी हसायची, चार सेकंद. सगळं आठवलं, सेकंदासकट. शब्द एकही आठवला नाही. त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

“आठवेल तुला उद्या,” ते म्हणाले.

उद्या आठवलं नाही. परवाही नाही. रोज ती त्या वाक्यापाशी यायची, मान वळवायची आणि शेवटावर उडी मारायची. त्यांनीच शिकवलेली उडी. जुनी काळी वही घेऊन टोलेकाका खिडकीत भिंगाखाली तासन्‌तास बसले. एका पानावर ‘खुर्ची’ किंवा ‘खुशी’ असं काहीतरी लागलं, बाकी नुसती शाई. माइकवाला सत्राचं रेकॉर्डिंग घेऊन घरी आला. त्यातही सात मिनिटं दहा सेकंदांना घंटी होती. त्याने ते एकदा लावलं आणि बंद केलं. नंतर तिघांनी चहा घेतला.

“बैल गेला नि झोपा केला, अशी गत झाली माझी,” टोलेकाका दारात त्याला म्हणाले.

“तुम्ही काय करणार, काका,” माइकवाला म्हणाला. पण त्याने वर बघितलं नाही.

पुढच्या वर्षी महोत्सवाचं बोलावणं आलं नाही. माइकवाल्याने सांगितलं, स्टेजसमोर आता लाल आकड्यांचं घड्याळ बसवलंय, उलटं मोजतं. शिवाय काकांचं घड्याळ पुढे जातं, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. ताईनेच येईल त्याला कौतुकाने सांगितलं होतं. आता तीही ते विसरली होती. महोत्सव विसरली होती. गोष्टीची सुरुवात मात्र अजून यायची, आणि शेवट.

महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली असताना टोलेकाकांनी दोनशे पानी वही काढली. सुरुवातीची सात मिनिटं लिहून झालेली होती, साडेसात पानं. म्हणजे मिनिटाला पान, थोडं वर. त्यांनी बोटाला थुंकी लावून पुढची पानं मोजली. साडेसहा पानं कोरी सोडली, वर पेन्सिलीने बारीक अक्षरात वेळा टाकल्या. सात चाळीस, नऊ दहा, अकरा वीस. मग नवं पान घेतलं आणि लिहिलं, ‘मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.’

आतून ताईने हाक मारली. “बाळ्या, किती वाजले रे?”

त्यांनी घड्याळ बघितलं. अजून सहा मिनिटं पुढेच होतं. त्यांनी ते कधी मागे केलं नव्हतं.

“चार वाजून सहा मिनिटं,” ते म्हणाले.